पुढच्या वर्षी बघू

इंडियाना राज्यात लग्नाआधी पत्रिका कुणी बघत नाही, पण पर्ड्यू की आययू एवढं मात्र विचारून घेतात. आमच्या वेळी ते विचारायला कुणी वडीलधारं इथे नव्हतं, म्हणून आज घरात दोन चुली आहेत. मी वेस्ट लफायेतला पर्ड्यूत एमएस केलं, नवऱ्याने ब्लूमिंग्टनला इंडियाना युनिव्हर्सिटीत एमबीए. तो नागपूरचा आणि मी पुण्याची, म्हणजे भांडायला विषय मुळात कमी नव्हतेच. इंडियानापोलिसच्या उत्तरेला घर घेतलं तेव्हा पहिल्याच हंगामात दारावर दोन झेंडे लागले, एक काळा-सोनेरी आणि एक किरमिजी.

गेल्या काही वर्षांत मात्र आमच्या भांडणाची तऱ्हा बदलली आहे. पूर्वी आम्ही आपापल्या कॉलेजच्या संघातल्या माणसांवरून भांडायचो. तुमचा तो लांब्या, आमचा हा चपळ. आता खेळाडू वर्षावर्षाला कॉलेज बदलतात, म्हणून दर ऑगस्टमध्ये दोघांनाही आधी यादी उघडून बघावी लागते, की यंदा आपलं आहे तरी कोण.

इथलं कॉलेजचं खेळणं म्हणजे काय, हे तिकडे बसून पटकन कळत नाही. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामना बघायला खेळाडूंचे मित्र आणि एखादे हौशी सर असतात. पर्ड्यूच्या मॅकी अरेनात बास्केटबॉलला चौदा हजार माणूस बसतो आणि हिवाळ्यात, बाहेर उणे दहा असताना, ते खच्चून भरतं. मिशिगनच्या फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा तो) स्टेडियममध्ये लाखाच्या वर प्रेक्षक मावतात. त्यातले निम्मेअधिक लोक कॉलेज सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेले असतात, काही तर त्या कॉलेजात कधी गेलेलेच नसतात. फक्त त्या जिल्ह्यात जन्मले, एवढंच नातं.

मला या वेडाची आधीपासून थोडी ओळख होती ती पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेमुळे. भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून घसा फोडलेल्या माणसाला मॅकी अरेना परकं वाटत नाही. तिथेही दर दोन-तीन वर्षांनी नट बदलायचे, दिग्दर्शक पदवी घेऊन नोकरीला लागायचा, नवी पोरं यायची. म्हणजे कॉलेजचा संघ बदलतच असतो, कायमचा कुणीच नसतो, हे मला नव्याने शिकायला लागलं नाही. जे लोक म्हणतात की पूर्वीसुद्धा पोरं चार वर्षांत जायचीच, त्यांचं बरोबरच आहे. फक्त त्या जाण्याला एक वेळापत्रक होतं. पहिल्या वर्षी बॅकस्टेजला खिळे ठोकणारा पोरगा दुसऱ्या वर्षी शिपायाच्या भूमिकेत दोन वाक्यं बोलायचा आणि तिसऱ्या वर्षी त्याच्यासाठी टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत त्या खिळ्यांचा हिशेब असायचा.

कॉलेजच्या बास्केटबॉलमध्ये हेच होतं, आणि ते मी सगळ्यात जवळून पाहिलं ते झॅक ईडीच्या बाबतीत.

ईडी टोरंटोचा. उंची सात फूट चार इंच. लहानपणी हॉकी आणि बेसबॉल खेळला, बास्केटबॉलकडे वळला तो बराच उशिरा. शाळकरी खेळाडूंच्या देशपातळीवरच्या क्रमवारीत तो चारशेच्याही खाली होता. २०२० मध्ये पर्ड्यूत आला तेव्हा त्याला बघून लोकांना गंमतच जास्त वाटायची. कोच मॅट पेंटर त्याला थोडा वेळ खेळवायचा, तो पटकन फाउल करून बसायचा आणि मग बाकावर बसूनही उभ्या माणसाएवढा दिसायचा. दुसऱ्या वर्षीही तो निम्माच वेळ मैदानावर असायचा. पाय कुठे टाकायचा, चेंडू खांद्याच्या खाली न आणता वळायचं कसं, हे तो आमच्यासमोर शिकला. फ्री थ्रो मारताना सुरुवातीला आम्ही डोळे मिटून घ्यायचो. तिसऱ्या वर्षी तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि चौथ्या वर्षी पुन्हा. राल्फ सॅम्पसननंतर कुणालाच ते लागोपाठ जमलं नव्हतं.

पण ईडी आठवतो तो पुरस्कारांसाठी नाही, पराभवांसाठी. मार्च महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत पर्ड्यू २०२१ मध्ये तेराव्या मानांकनाच्या (पहिलं सगळ्यात तगड्याला, सोळावं सगळ्यात दुबळ्याला) नॉर्थ टेक्सासकडून हरलं. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून. आणि २०२३ मध्ये, स्वतः पहिलं मानांकन असताना, सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८. स्पर्धेच्या इतिहासात असं त्याआधी एकदाच झालं होतं. त्यात फेअरली डिकिन्सन हा डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सर्वांत वरच्या श्रेणीतला, सगळ्यात बुटका संघ. सात फूट चार इंचांचा माणूस मध्ये उभा आणि भोवती ही छोटी पोरं भिंगरीसारखी फिरतायत, त्याच्यापर्यंत चेंडूच पोचू देत नाहीत. ब्रेडन स्मिथ नावाचा आमचा पहिल्या वर्षाचा पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा, इथल्याच वेस्टफील्ड गावचा, त्या दबावाखाली पुन्हा पुन्हा चेंडू गमावत होता. त्या रात्री नवऱ्याने मला चिडवलंसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

आता यातली महत्त्वाची गोष्ट सांगते. पुढच्या वर्षी तीच माणसं परत आली. ईडीने एनबीएच्या ड्राफ्टमधून, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीतून, नाव मागे घेतलं. स्मिथ आला, फ्लेचर लॉयर आला. देशभर ज्यांचं हसं झालं होतं, ते सगळे त्याच जर्सीत, त्याच कोचसोबत, पुन्हा पहिलं मानांकन घेऊन, पुन्हा सोळाव्या मानांकनासमोर उभे राहिले. या वेळी ग्रॅम्बलिंग स्टेटला अठ्ठावीस गुणांनी हरवलं. मग डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने चाळीस गुण केले आणि पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांत, गेलं. पेंटर स्वतः पर्ड्यूत जीन कीडींच्या हाताखाली खेळलेला. कीडींनी पंचवीस वर्षं हा संघ सांभाळला, पण ते काही तिथवर पोचले नाहीत. त्या रात्री मी आमच्या लॅबच्या जुन्या ग्रुपवर नुसते फोन करत होते. सिअ‍ॅटलला, बंगळुरूला, ठाण्याला. ठाण्याची मैत्रीण कामावर होती, तिने मीटिंगमधून बाहेर येऊन फोन घेतला.

अंतिम सामन्यात कनेटिकटने आम्हाला ७५-६० असं व्यवस्थित हरवलं. ईडीचे ३७ गुण, पण बाकीचे थंड. तरी त्या हरण्याचं मला वाईट वाटलं ते वेगळ्या जातीचं. आदल्या वर्षीची लाज धुऊन निघाली होती, आणि ती ज्यांची होती त्यांनीच धुतली होती. हाच प्रकार व्हर्जिनियाचा. २०१८ मध्ये सोळाव्या मानांकनाकडून हरणारा पहिला संघ तो, आणि २०१९ मध्ये जवळपास त्याच पोरांनी विजेतेपद आणलं. त्यांचा कोच टोनी बेनेट २०२४च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, निवृत्त झाला. नव्या वातावरणात आपण बसत नाही, असं तो मोकळेपणाने म्हणाला.

ईडीचं आणखी एक मला विसरता येत नाही. तो कॅनडाचा, त्यामुळे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. म्हणजे माझ्यासारखाच. मी कॅम्पसवर आठवड्याला वीस तास कॉम्प्युटर लॅबच्या काउंटरवर बसायचे, बाहेर काम करायची परवानगी नव्हती. २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर पैसे कमवायची मुभा मिळाली, जाहिराती करता यायला लागल्या. त्याच्या शेजारी बसणारी पोरं कमवायला लागली आणि देशातला सर्वोत्तम खेळाडू मात्र व्हिसामुळे अमेरिकेत तशी कमाई करू शकत नव्हता. स्टँडमधल्या देशी पोरांना हे नुसतं वाचून नाही, पोटातून कळायचं. सात फूट चार इंच असो की पाच फूट दोन, इंटरनॅशनल ऑफिसची रांग एकच.

त्या २०२१ सालापासूनच सगळं हललं. ट्रान्सफर पोर्टल त्याआधीचं, २०१८च्या ऑक्टोबरमधलं. म्हणजे एक ऑनलाइन यादी. खेळाडूने सांगितलं की त्याचं नाव तीत चढतं आणि इतर कॉलेजांचे कोच त्याच्याशी बोलायला मोकळे होतात. पण तेव्हा फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं की एक वर्ष नुसतं बसून काढावं लागायचं. २०२१ मध्ये एकदा बदलायची सूट मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये प्रकरण वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयात गेलं आणि २०२४च्या एप्रिलपासून, अभ्यासात पास होत असाल तर, कितीही वेळा बदला. १ जुलै २०२५ पासून कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, वर्षाला एका कॉलेजमागे साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आयपीएलचा मोठा लिलाव संघ विस्कटतो, पण तो निदान तीन-चार वर्षांतून एकदाच होतो. इथे दर वसंतात जवळपास सगळेच सुटे. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन वनचे दोन हजारांहून जास्त खेळाडू एका मोसमात पोर्टलमध्ये जातात. २०२५ मध्ये तर राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच पोर्टलचं दार उघडलं. एकीकडे सामना चालू आणि दुसरीकडे फोनवर बातमी, की काल परवा हरलेल्या संघातले चौघे निघाले.

बास्केटबॉलमध्ये पर्ड्यूने जुनी रीत बरीचशी टिकवली आहे. आमच्याकडे हा बदल घुसला तो फुटबॉलच्या दारातून.

२०२४ मध्ये पर्ड्यूचा फुटबॉल संघ बारापैकी एक सामना जिंकला. शेवटच्या सामन्यात इंडियानाने आम्हाला ६६-० हरवलं. हो, छापण्यात चूक नाही. कोच गेला, नवा आला, आणि २०२५च्या हंगामात मैदानावर उतरला तो संघ जवळजवळ अनोळखी होता. अर्ध्याहून जास्त खेळाडू नवीन, तेही ठिकठिकाणच्या कॉलेजांतून आलेले. मुलाला मी आदल्या वर्षी एका खेळाडूच्या नावाची जर्सी घेतली होती. आपल्या सवयीप्रमाणे वाढत्या अंगाची, दोन वर्षं तरी पुरली पाहिजे म्हणून. पोरगा अजून तीत बुडतोय, बाह्या कोपराखाली येतायत, आणि तो खेळाडू दुसऱ्या राज्यात जाऊन दुसऱ्या रंगात खेळतोय. मुलगा ती आता झोपताना घालतो.

त्या हंगामात आम्ही दोन जिंकले आणि दहा हरलो. हरण्याची पर्ड्यूच्या फुटबॉलला सवय आहे, त्याचं एवढं काही नाही. पण या वेळी स्टँडमध्ये मला एक गोष्ट जाणवली. आजूबाजूला कुणी चिडत नव्हतं. आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा असतात, शेती करायचे, पर्ड्यूचा एकही वर्ग त्यांनी बघितलेला नाही. पूर्वी एखाद्या पोराने झेल सोडला की ते त्याच्या नावाने ओरडायचे, आणि लगेच शेजारच्याला सांगायचे, पोरगा दुसऱ्याच वर्षाचा आहे, पुढच्या वर्षी बघा. या वेळी ते 'तो चव्वेचाळीस नंबरवाला' असं म्हणत होते. तिसऱ्या क्वार्टरला उठून गेले.

'पुढच्या वर्षी बघू' यावर हरणाऱ्या संघाचं सगळं दुकान चालतं. गणपतीला आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो ते तोच परत येणार या खात्रीने. पहिल्या वर्षाच्या पोराच्या चुका सोसायच्या त्या याच बोलीवर की त्या चुकांचं फळ आपल्याला मिळेल. आता तो सुधारला तर मोठं कॉलेज उचलून नेणार आणि नाही सुधारला तर कोचच त्याला वाट दाखवणार. मग मी त्याच्या चुका कशासाठी सोसू? माझं म्हणणं एवढंच आहे, की जिंकायला अनोळखी माणसं चालतात, हरताना ओळखीची लागतात. या उलथापालथीवर देशभर जी रडारड चालते तिच्यात हा फरक कुणी करत नाही. विजेत्यांचे चाहते म्हणतात आम्हाला काही फरक पडत नाही, आणि त्यांना खरंच पडत नाही.

पुरावा माझ्याच घरात आहे. इंडियानाचा फुटबॉल संघ म्हणजे २०२५चा हंगाम सुरू होईपर्यंत वरच्या श्रेणीतल्या सगळ्या संघांत इतिहासात सर्वाधिक सामने हरलेला. आमच्या लग्नानंतर कित्येक वर्षं नवरा फुटबॉलच्या मोसमात बागेत पालापाचोळा गोळा करायचा. २०२३च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आला. 'मी जिंकतो, गूगल करून बघा,' असं त्याने सांगून टाकलं. जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या कॉलेजातून त्याने खेळाडूंची फळीच सोबत आणली. पहिल्याच वर्षी अकरा विजय. दुसऱ्या वर्षी कॅलिफोर्नियाहून फर्नांडो मेंडोझा नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, आणला. तो एकच हंगाम खेळला, त्यात कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी घेतली, आणि १९ जानेवारी २०२६ला इंडियानाने मायामीला २७-२१ हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सोळापैकी सोळा सामने. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक हाही जॉर्जियाहून आलेला.

त्या रात्री आमच्या हॉलमध्ये जे झालं ते मी लिहीत नाही, शेजाऱ्यांनी ऐकलंच आहे. मी म्हटलं, "अरे, पण ह्यातले किती जण तुझ्या ब्लूमिंग्टनला वाढले?"

"वाढले कशाला पाहिजेत? जेवण तयार आलं तर तू काय शेत विचारतेस का?"

"मी विचारते."

"पुणेकर बाप्पा," तो म्हणाला आणि पुन्हा ती चौथ्या डाउनची, म्हणजे शेवटच्या संधीची, धाव बघायला लागला. मेंडोझाने दोन-तीन जणांना धडकत, आडवा होत एंड झोनमध्ये स्वतःला फेकलं ती. मला कबूल आहे, धाव भारी होती. आणि नवऱ्याचा आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. शंभर वर्षं मार खाल्लेल्या गावाला कुणी शुद्ध तुपातलं वाढलं तर त्यांनी आधी तुपाची पावती मागावी, हे मला शोभत नाही. बारीक बघितलं तर जेम्स मॅडिसनहून आलेली पोरं तरी दोन वर्षं ब्लूमिंग्टनला होती, गावाला त्यांची नावं पाठ होती.

आणि नुसता काळ मोजून भागत नाही, हेही आहे. आमच्या २०२४च्या त्या फायनल फोरवाल्या बास्केटबॉल संघात लान्स जोन्स होता, सदर्न इलिनॉयहून एका वर्षासाठी आलेला. मॅकीत त्याच्याइतका लाडका क्वचित कुणी झाला असेल. बाकीचे चौघे ओळखीचे होते, म्हणून पाचव्याशी ओळख महिन्याभरात झाली. पाचही अनोळखी असते तर कुणाचा हात धरून कुणाची ओळख करून घेणार? कनेटिकटचा ट्रिस्टन न्यूटनही ईस्ट कॅरोलायनाहून आलेला, आणि फायनल फोरचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पण त्यांच्याकडेही आधीपासूनची माणसं होती.

खेळाडूंना दोष देणं मला जमत नाही, जमू नये. दूरचित्रवाणीच्या करारांतून कॉलेजं अब्जावधी डॉलर कमावत होती, कोच वर्षाला कोट्यवधी घेऊन करार मोडून जात होते आणि पोरांना शिष्यवृत्तीवर गप्प बसायला सांगितलं जात होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला तो नऊ विरुद्ध शून्य असा.  आणि मी स्वतः पाच हजार डॉलर जास्त मिळतात म्हणून कंपनी बदललेली बाई आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याला नोकरी बदलल्यावर वर्षभर घरी बसवलं असतं तर आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीऐवजी मोर्चा निघाला असता. जुन्या काळी आम्हाला जो ओळखीचा चेहरा चार वर्षं दिसायचा, त्याची किंमत तो चेहरा भरत होता. ते मला कळतं. कळून माझी मजा परत येत नाही, एवढंच.

त्यामुळे या सगळ्यात मला ज्यांची खरी काळजी वाटते ते लहान कॉलेजांचे चाहते. आयोवा राज्यात दि मॉइन शहरात ड्रेक नावाचं छोटं विद्यापीठ आहे. २०२४ मध्ये त्यांचा बास्केटबॉलचा कोच डॅरियन डिव्ह्रीज वेस्ट व्हर्जिनियाला गेला. त्याचा मुलगा टकर संघाचा सर्वोत्तम खेळाडू, तोही अर्थात गेला. ड्रेकने मग डिव्हिजन टूमधून, नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटहून, बेन मॅकॉलमला आणलं. त्याने आपले चार खेळाडू बरोबर आणले, ज्यांना डिव्हिजन वनमध्ये कुणी विचारत नव्हतं. त्यातला बेनेट स्टर्ट्झ जवळजवळ प्रत्येक मिनिट मैदानावर असायचा. या संघाने त्या एका हंगामात ३१ सामने जिंकले आणि राष्ट्रीय स्पर्धेत मिझुरीसारख्या मोठ्या संघाला घरी पाठवलं. ड्रेकच्या इतिहासातलं इतकं सुंदर वर्ष, आणि ते संपल्यावर दिवसांतच मॅकॉलम आयोवा विद्यापीठात गेला. स्टर्ट्झ आणि इतर काही त्याच्या मागोमाग गेले. ड्रेकने साउथ डकोटा स्टेटचा कोच एरिक हेंडरसन आणला, म्हणजे आता साउथ डकोटावाले उघड्यावर. आणि डिव्ह्रीज? तो वेस्ट व्हर्जिनियात एकच वर्ष राहिला. सध्या तो इंडियानाचा बास्केटबॉल कोच आहे, टकर तिथेही त्याच्याबरोबर आला. नवऱ्याच्या पंगतीत बसलाय.

ड्रेकच्या माणसाला विचारलं, ते वर्ष नको होतं का, तर तो नको म्हणेल असं मला वाटत नाही. पण त्याने पुढच्या नोव्हेंबरला स्टेडियममध्ये जाऊन बसायचं ते कोणासाठी? त्याच्याकडे कनेटिकटसारखा पैसा नाही, केंटकीसारखा दरारा नाही. केंटकीत २०२४ मध्ये सगळा संघ गेला तेव्हा १९९६च्या विजेत्या संघाचा कर्णधार मार्क पोप कोच म्हणून आला आणि नुसतं त्याचं स्वागत करायला त्यांचं रप अरेना हे स्टेडियम भरलं. एकही खेळाडू नसताना. ओळखीचा एक चेहरा मिळाला, तो कोचचा. चाहत्यांचं प्रेम हळूहळू खेळाडूंवरून कोचवर सरकतंय, मीसुद्धा हल्ली 'आमचा पेंटर' असंच म्हणते. पण लहान कॉलेजाचा कोच तर सगळ्यांत आधी उचलला जातो.

आमच्या मुलाला यातलं काहीच खुपत नाही. त्याला पोर्टलचा मोसम खुद्द सामन्यांइतकाच आवडतो. २०२५च्या वसंतात तो जिन्यावरून ओरडत आला, "आई, आपल्याला साउथ डकोटा स्टेटचा सेंटर मिळाला!" ऑस्कर क्लफ, ऑस्ट्रेलियाचा, सहा फूट अकरा इंच. मी म्हटलं, एका वर्षाचा पाहुणा, कशाला जीव लावतोस. तर त्याने वही काढली. त्याच्या वहीत प्रत्येक नव्या खेळाडूला एक पान असतं आणि पानावर बाण. क्लफच्या पानावर ऑस्ट्रेलियाहून अ‍ॅरिझोनातल्या एका छोट्या कॉलेजात, तिथून वॉशिंग्टन स्टेट, तिथून साउथ डकोटा, तिथून आमच्याकडे, असे बाण होते.

"किती गावं फिरलाय बघ," तो म्हणाला. मला ज्यात उडाणटप्पूपणा दिसत होता त्यात त्याला प्रवासवर्णन दिसत होतं.

मग त्याने टीव्हीवर वॉशिंग्टन स्टेटचा एक जुना सामना लावला, त्यानंतर साउथ डकोटाचा एक. आधी हा असा वळायचा, आता असा वळतो, डाव्या हाताने बघ, थांब, परत दाखवतो. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की हे बघायचं असतं. मी कणीक भिजवलेल्या हातांनीच सोफ्याच्या कडेला टेकले. नवरा वरून आला, पाच मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "साउथ डकोटावाले आता काय बघत असतील गं?"

"दुसऱ्या कुणाचे तरी जुने सामने," मुलगा म्हणाला आणि पुढचा लावला. पोळ्या काही झाल्या नाहीत, शेवटी पिझ्झा मागवला.